अब्राहामाला चाललं, मग आपल्याला का नाही? एकपत्नीत्वाचा धडा वर्गात कसा घ्यावा

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नववी-दहावीची मुलं असली की हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. ‘टीचर, अब्राहामाला साराय होती आणि हागारही होती. याकोबाच्या घरात तर चौघी. दावीद राजाच्या बायका मोजायला बोटं पुरत नाहीत. देव त्यांना काही बोलला नाही, मग बंदी आपल्यालाच का?’ विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असतो आणि वर्ग हसायच्या तयारीत असतो. पण प्रश्न खरा आहे. मोठमोठ्या धर्मपंडितांनी त्याच्यावर शेकडो वर्षं डोकं खाजवलं आहे.

अशा वेळी आपण धर्मशिक्षक बहुतेकदा दोनांपैकी एक वाट धरतो. ‘तो काळच वेगळा होता’ म्हणतो, नाहीतर ‘ख्रिस्तसभेचा नियम आहे’ म्हणून विषय मिटवतो. पहिलं उत्तर ऐकून मुलांना वाटतं, देवाचं मत काळाप्रमाणे बदलतं. दुसरं ऐकून वाटतं, रोममध्ये कुणीतरी नियम केला, उद्या दुसरा कुणी बदलेल. खरी शिकवण या दोन्हींत बसत नाही. मी वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) शिकवते. त्याआधी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. खाली सांगितलेली पद्धत माझ्या हाताला बसलेली आहे. विवाहपूर्व शिबिरात बोलणाऱ्यांना आणि घरी मुलांच्या प्रश्नांना तोंड देणाऱ्या आईवडिलांनाही ती उपयोगी पडेल.

आग्रह एकच: हा धडा बंदीपासून सुरू करू नका. लेआपासून सुरू करा.

आधी स्वतः काय वाचायचं

उत्पत्तीचे अध्याय १ ते ४, मग १६, मग २९ आणि ३०. अनुवाद २१:१५-१७. पहिलं शमुवेल, अध्याय १. मलाखी २:१४-१६. नव्या करारातून मत्तय १९:३-९, पहिलं करिंथकर ७ आणि इफिसकर ५. कॅथलिक श्रद्धाग्रंथातले (कॅटेकिझममधले) तीन परिच्छेद पुरेत: १६१०, १६४५ आणि २३८७. ख्रिस्तसभेच्या कायद्यातली कलमं १०५६, १०८५ आणि ११४८. वेळ कमी असेल तर कायदा नंतर वाचा, पण उत्पत्ती ३० वाचल्याशिवाय वर्गात जाऊ नका.

पहिली पायरी: लेआची गोष्ट मुलांकडून वाचून घ्या

मराठी मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आवडती राणी आणि नावडती राणी त्यांना लहानपणापासून माहीत असतात. ‘नावडतीचं मीठ अळणी’ हे आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. लेआ ही ती नावडती.

याकोबाला हवी होती राहेल. तिच्यासाठी तो लाबानाकडे सात वर्षं राबला. लग्नाच्या रात्री सासऱ्याने फसवून थोरली, लेआ, त्याच्या गळ्यात बांधली. आठवड्याने राहेलही मिळाली, पण तिच्यासाठी आणखी सात वर्षं चाकरी. पुढे दोघींनी आपापल्या दासी, बिल्हा आणि जिल्पा, त्याला दिल्या. चौघींचं घर असं उभं राहिलं. त्यात कुणालाही आपण निवडलेलं आयुष्य मिळालं नाही, दासींना तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता ३०:१४ ते १६ या तीन ओव्या एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. गव्हाच्या कापणीचे दिवस आहेत. लेआचा लहानगा रऊबेन रानात जातो, त्याला काही फळं सापडतात, ती तो आईला आणून देतो. ही फळं खाल्ली की मूल होतं असा त्या काळी समज होता. राहेलला मूल नाही, म्हणून ती बहिणीकडे फळं मागते. लेआ उसळून म्हणते, माझा नवरा घेतलास ते थोडं झालं का, आता माझ्या पोराची फळंही हवीत? राहेल सौदा करते: फळं दे, आज रात्री तो तुझ्याकडे. संध्याकाळी याकोब शेतावरून येतो, तेव्हा लेआ त्याला वाटेतच गाठते आणि सांगते, आज तुला माझ्याकडे यायचं आहे, माझ्या मुलाच्या फळांच्या बदल्यात मी तुला घेतलं आहे.

इथे थांबा. काही समजावू नका. वर्गात शांतता पसरते. मग एवढंच विचारा: या घरात सुखी कोण आहे?

मुलींची उत्तरं फार थेट असतात. एक म्हणाली होती, ‘टीचर, तिला स्वतःच्या नवऱ्याला विकत घ्यावं लागलं.’ मुलगे जरा उशिरा बोलतात, पण त्यांच्यातला एखादा म्हणतोच, याकोबही सुखी दिसत नाही, त्याला कुणी विचारतच नाही. इथेच अर्धा धडा झालेला असतो.

त्यानंतर लेआने मुलांची नावं ठेवताना काय म्हटलं ते फळ्यावर लिहा. रऊबेन झाला तेव्हा: देवाने माझं दुःख पाहिलं, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोन झाला तेव्हा: मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. लेवी झाला तेव्हा: आता तरी नवरा मला धरून राहील. तीन मुलगे, तिन्ही वेळा तीच आस. चौथा यहूदा. त्या वेळी ती नवऱ्याचं नावच काढत नाही. म्हणते, आता मी परमेश्वराची स्तुती करीन. याच यहूदाच्या वंशात दावीद झाला आणि पुढे येशू. आपल्या प्रभूची वंशावळ नावडतीच्या मुलाकडून चालत आली, हे मुलांना मुद्दाम सांगा. आणि मरताना याकोबाने मुलांना बजावलं, मला मकपेलाच्या गुहेत पुरा, तिथे मी लेआला पुरलं आहे. हे उत्पत्ती ४९ मध्ये आहे आणि सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

वेळ असेल तर हन्ना आणि पनिन्नाची गोष्ट जोडा. पनिन्ना सवतीला वांझपणावरून टोमणे मारी आणि हन्ना जेवण टाकून रडत बसे. हागार आणि साराय यांची गोष्ट तर मुलांना येतेच: गरोदर हागारचं रानात पळून जाणं आणि पुढे इश्माएलला घेऊन घराबाहेर पडणं.

आता मागच्या बाकाला उत्तर द्या. बायबलने या घरांना शाबासकी दिलेली नाही. घरात काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं आहे, आणि वाचणाऱ्याला डोळे असतील तर तेवढं पुरे आहे. बायबलमध्ये दोन बायका करणारा पहिला माणूस कोण, तर लामेख, उत्पत्ती ४:१९. तो भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशातला. आदा आणि सिल्ला या बायकांना बोलावून तो फुशारकी मारतो, मला जखम केली म्हणून मी माणूस मारला. ही प्रथा जगात कुणाच्या हातून आली, हे सांगायला एवढं पुरतं. नोहाला तारवात नेलं तेव्हा त्याची एकच बायको होती, त्याच्या तिन्ही मुलांचीही एकेकच.

मोशेच्या नियमशास्त्राने बहुपत्नीत्व मोडून काढलं नाही, पण नावडतीच्या बाजूने हात घातला. अनुवाद २१ सांगतं, थोरला मुलगा नावडतीचा असेल तरी थोरल्याचा वाटा त्याचाच. बापाने आवडतीच्या मुलाला तो द्यायचा नाही. निर्गम २१:१० सांगतं, दुसरी केली तरी पहिलीचं अन्नवस्त्र आणि तिचा संसाराचा हक्क कमी करायचा नाही. राजांनाही अनुवाद १७ मध्ये बजावलं होतं, फार बायका करू नकोस. शलमोनाने ते ऐकलं नाही. सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी केल्या, आणि त्यांच्यामागून परक्या दैवतांकडे वळला. कॅथलिक श्रद्धाग्रंथ परिच्छेद १६१० मध्ये हेच थोडक्यात म्हणतो: जुन्या करारात कुलपतींच्या, म्हणजे अब्राहाम-याकोबासारख्या पूर्वजांच्या, आणि राजांच्या अनेक बायकांचा अजून उघड निषेध नाही, पण माणसाची सदसद्विवेकबुद्धी नियमशास्त्राच्या हाताखाली हळूहळू घडत होती.

दुसरी पायरी: येशूने काय केलं

मत्तय १९ उघडा. परुशी विचारतात घटस्फोटाबद्दल. येशू मोशेच्या पलीकडे थेट आरंभाकडे जातो: निर्माणकर्त्याने त्यांना नर आणि नारी असं केलं, आणि ‘ती दोघे एकदेह होतील’. मोशेने तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे परवानगी दिली, सुरुवातीपासून असं नव्हतं. मग नववी ओवी: बायकोला टाकून दुसरी करणारा व्यभिचार करतो.

मुलं लगेच म्हणतात, पण टीचर, इथे तर टाकून देण्याची गोष्ट आहे, दोघींना ठेवण्याची नाही. शाबासकी द्या, कारण हाच मुद्दा पोप तिसरे इनोसंट यांनी १२०१ मध्ये तिबेरियाच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात सोडवला. युक्तिवाद फार सरळ आहे. बायकोला घराबाहेर काढूनसुद्धा दुसरी करता येत नसेल, तर ती घरात असताना कशी करता येईल? पहिलीचं नातं जिवंत आहे म्हणूनच दुसरी करणं व्यभिचार ठरतं. हा टप्पा मुलांना स्वतः गाठू द्या. गणितासारखं सुटतं आणि सुटलं की त्यांना फार आनंद होतो.

त्याच पत्रात इनोसंट म्हणतात, एकाच वेळी अनेक बायका करणं कुणालाच कधी मोकळं नव्हतं, देवाने प्रकट करून मुभा दिली असेल तरच. म्हणजे अब्राहामाचं उत्तर असं: ज्याने नियम केला त्यानेच त्या पिढ्यांना सूट दिली, आणि त्याच्याच पुत्राने ती सूट संपवली. देवाने मत बदललं असं यात कुठे येत नाही.

तिसरी पायरी: फळ्यावर दोन रकाने

हा भाग नीट झाला नाही तर ‘पोपने ठरवलं तर बदलेल’ हा गैरसमज आयुष्यभर राहतो. डावीकडे लिहा ‘देवाचा कायदा’, उजवीकडे ‘ख्रिस्तसभेचा कायदा’. मग मुलांना एकेक गोष्ट सांगा आणि कुठे लिहू ते विचारा.

शुक्रवारी मांस वर्ज्य. उजवीकडे. फादरांनी लग्न न करणं. बहुतेक मुलं डावीकडे म्हणतात. उजवीकडे लिहा आणि सांगा, युक्रेनच्या ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभेत लग्न झालेले फादर आहेत. कॅथलिक मुलीने बाप्तिस्मा न झालेल्या मुलाशी लग्न करणं. आपल्याकडे घरोघरी ओळखीतलं उदाहरण असतं; बिशपांकडून डिस्पेन्सेशन (नियमातून सूट) येतं हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून उजवीकडे. चुलत, मामे-आते भावंडांचं लग्न. हेही उजवीकडे, कलम १०९१ ची मनाई आहे, पण योग्य कारणाने सूट मिळू शकते. बाप आणि मुलगी. डावीकडे, आणि यात कुणी शंका काढत नाही. आता विचारा: पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न?

डावीकडे. कलम १०८५: आधीच्या विवाहाच्या बंधनात असलेल्याने केलेलं लग्न लग्नच होत नाही. डिस्पेन्सेशन मिळतं ते फक्त ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या नियमातून. बिशप, कार्डिनल, पोप, कुणीही या नियमातून सूट देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांनी केलेला नाही.

इथे इतिहासातला एकच प्रसंग सांगा, फार ताणू नका. जर्मनीत हेसचा संस्थानिक फिलिप याला पहिली बायको असताना दुसरी करायची होती. डिसेंबर १५३९ मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि त्यांचे सहकारी मेलांक्थन यांनी त्याला गुपचूप तसा सल्ला दिला आणि मार्च १५४० मध्ये त्याने मार्गारेटशी लग्न केलं. पुढे गोष्ट फुटली. ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या चोविसाव्या बैठकीत स्पष्ट ठरवलं: ख्रिस्ती माणसाने एकाच वेळी अनेक बायका करणं मोकळं आहे आणि त्याला कुठल्याही दैवी कायद्याची मनाई नाही असं जो म्हणेल, तो ख्रिस्तसभेबाहेर. ‘दैवी कायदा’ हे शब्द त्या ठरावातच आहेत. मोठ्या वर्गाला हे आवर्जून दाखवा.

चौथी पायरी: का, हे समजावून सांगा

हुशार मुलाचा पुढचा प्रश्न असतो: देव सूट देऊ शकत होता, तर हे मुळातच वाईट कसं? चोरीला किंवा खोट्या साक्षीला देवाने कधी सूट दिली का? संत थॉमस अक्विनास यांनी यावर दिलेलं उत्तर मला सगळ्यात पटतं.

ते म्हणतात, लग्नाचे हेतू एकाखाली एक आहेत. पहिला, मुलं होणं आणि वाढणं. एका पुरुषाला अनेक बायका असल्या तरी हा हेतू मोडत नाही. म्हणून निसर्गाच्या पायाभूत नियमाला धक्का बसत नाही, आणि म्हणूनच देवाला काही काळ सूट देता आली. दुसरा हेतू, दोघांनी मिळून घर चालवणं, एकमेकांची साथ. इथे बहुपत्नीत्व चांगलंच अडतं. सवतींच्या घरात शांतता टिकत नाही. तिसरा हेतू, ख्रिस्त आणि त्याची एकमेव ख्रिस्तसभा यांची खूण होणं. इथे बहुपत्नीत्व पुरतं नापास होतं, कारण ख्रिस्ताची वधू एकच आहे. साक्रामेंत (पवित्र संस्कार) म्हणून लग्न जे सांगतं, तेच खोटं पडतं.

त्यांचं आणखी एक म्हणणं मुलींना फार आवडतं. मैत्री बरोबरीत होते. बायकोला अनेक नवरे चालत नाहीत आणि नवऱ्याला अनेक बायका चालतात असं असेल, तर बायकोची मैत्री मोकळी राहणार नाही, दासीसारखी होईल. तेराव्या शतकातल्या साधूने हे लिहिलं आहे. कॅथलिक श्रद्धाग्रंथाचा परिच्छेद १६४५ याच वाटेवर चालतो: पतिपत्नी माणूस म्हणून समान आहेत, म्हणून त्यांचं प्रेम विभागलेलं असू शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोममधून श्रद्धाविषयक विभागाने एकपत्नीत्वाच्या गौरवाचं एक टिपण काढलं. त्याचं नावच ‘उना कारो’ म्हणजे ‘एकदेह’. वरच्या वर्गासाठी त्यातला एखादा भाग घेता येईल.

शिबिरातल्या तरुणांना मी करिंथकरांच्या पत्रातली सातव्या अध्यायाची चौथी ओवी वाचून दाखवते. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क, हे तेव्हाच्या जगात कुणालाही मान्य होतं. पौल लगेच पुढे लिहितो, तसंच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा हक्क. हे वाक्य लेआला ऐकायला मिळालं असतं तर तिला त्या फळांचा सौदा करावा लागला नसता.

पाचवी पायरी: ज्याच्या आधीच दोघी आहेत त्याचं काय?

हा प्रश्न वर्गात कमी येतो, पण तुम्ही स्वतः काढा. आपली शिकवण दयामाया जाणते की नाही, हे इथेच कळतं.

आफ्रिकेतल्या अनेक धर्मप्रांतांत आजही असं होतं: एखादा माणूस ख्रिस्ताकडे येऊ पाहतो, आणि घरात त्याच्या तीन बायका आणि दहा मुलं असतात. सोळाव्या शतकात नव्या मुलखांत ख्रिस्ती धर्म पसरू लागला तेव्हाही हाच पेच आला होता. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी सांगितलं, पहिली बायको ठेवावी. पहिली कोणती हे आठवतच नसेल तर एक निवडावी. १५७१ मध्ये पाचवे पायस यांनी आणखी थोडी मोकळीक दिली. आजचा नियम कलम ११४८ मध्ये आहे. बाप्तिस्मा न झालेल्या ज्या माणसाला बाप्तिस्मा न झालेल्या अनेक बायका आहेत, त्याने बाप्तिस्मा घेतल्यावर पहिलीबरोबर राहणं जड जात असेल तर दुसऱ्या एखादीला ठेवता येतं, पण बाकीच्यांना सोडून. बाप्तिस्म्यानंतर तिच्याशी रीतसर लग्न लावायचं. अनेक नवरे असलेल्या बाईलाही हाच नियम.

आता तिसरं पोटकलम, जे कुणी वाचत नाही. पहिलीच्या आणि सोडलेल्या बाकीच्या बायकांच्या गरजा पुरेशा भागतील, हे न्याय, ख्रिस्ती प्रेम आणि माणुसकी यांना धरून पाहणं ही बिशपांची जबाबदारी आहे. परिच्छेद २३८७ तर त्या माणसाची कुचंबणा समजण्यासारखी आहे असं म्हणतो, आणि लगेच बजावतो: आधीच्या बायकांची आणि मुलांची घेतलेली जबाबदारी पाळणं हे न्यायाने त्याचं गंभीर कर्तव्य आहे. घरातून बाई बाहेर गेली म्हणजे हिशेब मिटला, असं ख्रिस्तसभा म्हणत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. कारण त्या रांगेतली तिसरी बायको, जिचा काहीच दोष नाही, तीही देवाची लेकच आहे.

ऑक्टोबर २०२३ च्या सिनडने (रोममधल्या धर्मसभेने) आफ्रिकेतल्या बिशपांना या विषयावर एकत्र विचार करायला सांगितलं. नियम तोच, त्या घरांना सोबत कशी करायची हा प्रश्न होता.

सहावी पायरी: आपल्या घरातलं बोला, शेजारच्या घरातलं नको

आपल्या मुलांचे मित्र सगळ्या धर्मांतले. हा विषय निघाला की कुणीतरी मुस्लिम शेजाऱ्यांवर घसरतं. तिथेच अडवा. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी करणारा कायदा १९४६ चा, आणि हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात गावोगावी सवती नांदत होत्या. रामाला आपण एकवचनी, एकपत्नी म्हणतो, आणि त्याच्याच बापाच्या घरात तीन राण्या होत्या. प्रथा सगळीकडे होती. हे सांगितलं की मुलांचा सूर आपोआप खाली येतो.

आपल्या घरातला आजचा प्रश्न वेगळाच आहे, आणि शिबिरात त्यावर जास्त वेळ द्या. एकाच वेळी दोघी ठेवणारा कॅथलिक क्वचित भेटतो. कोर्टातून घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करणारे भेटतात, आणि त्यांना वाटतं आपण मोकळे झालो. कोर्ट कायद्यापुरतं मोकळं करतं. ख्रिस्तसभेत आधीचं बंधन तसंच असतं, जोवर धर्मप्रांताच्या न्यायालयाने ते लग्न मुळातच झालं नव्हतं असा निर्णय दिला नाही. लग्नाच्या वेळीच कुणी मनात ठरवलं असेल की मी एकीशी एकनिष्ठ राहणार नाही, तर तेही असं कारण होऊ शकतं (कलम ११०१).

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. ख्रिस्तसभेच्या न्यायालयाचा निर्णय हातात आला म्हणून देशाच्या कायद्याने लग्न मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं आणि २०१७ मध्ये याबाबतची याचिका फेटाळली. कोर्टाचा घटस्फोट नसताना पुन्हा लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आधीचं लग्न लपवलं असेल तर दहा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही आधीचा जोडीदार हयात नसावा ही अट आहे. म्हणून दोन्ही कागद हवेत. कुणाचं असं प्रकरण असेल तर सर्वांसमोर चर्चा नको. त्यांना थेट धर्मग्रामाच्या फादरांकडे पाठवा.

शक्य असेल तर एकदा मुलांना कार्यालयात नेऊन बाप्तिस्म्याची जुनी वही दाखवायची परवानगी फादरांकडून घ्या. जाड पुठ्ठ्याची वही, शाई उडालेली, प्रत्येक नावापुढे शेऱ्यासाठी मोकळी जागा. कुणाचं लग्न झालं की लग्न लावणारं चर्च बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतं आणि त्या जागेत तारीख, गाव, जोडीदाराचं नाव लिहिलं जातं. म्हणूनच लग्नाआधी सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला मागतात: माणूस दुबईत किंवा लंडनमध्ये लग्न करून आला असेल तरी इथल्या वहीत दिसावं. नवऱ्याचा आणि नवरीचा शेरा मागतात तो सारखाच. मुलं तो रकाना बोटाने वाचत जातात. कुणी आपल्या आजोबांचं नाव शोधतं. कुणी विचारतं, ही जागा रिकामी का? तर ते कुमार राहिले.

जाताजाता येणारे प्रश्न

विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केलं तर? मोकळे आहेत. मृत्यूने बंधन सुटतं. रोमकर ७:२ आणि पहिलं करिंथकर ७:३९ वाचून दाखवा. आपल्या समाजात विधवेच्या लग्नाकडे अजूनही नाक मुरडतात, म्हणून हे जरा मोठ्याने सांगा.

मग स्वर्गात तिचा नवरा कोणता? हाच प्रश्न सदूकींनी येशूला विचारला होता, सात भावांची गोष्ट रचून. उत्तर मत्तय २२:३० मध्ये आहे: पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत, लग्न करून देत नाहीत.

वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या बापाने दुसरा संसार मांडलेला आहे. ते मूल कोण हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं. त्या दिवशी लेआचं वाचन त्याला देऊ नका, आणि तास झाल्यावर, इतर मुलं पायऱ्या उतरत असताना, त्याच्याशी दोन शब्द बोला. त्याच्या आईलाही निरोप द्या की घरी येऊन जाईन, आणि खरंच जा.